ओव्हरएक्स्प्रेशनचा निकाल दुसऱ्यांदा का जुळत नाही: सोलापूरच्या लॅबसाठी कामाचा क्रम

जानेवारीत ओव्हरएक्स्प्रेशनसाठी (म्हणजे पेशींकडून एखादं प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवून घेण्यासाठी) जनुक घातलं तेव्हा पेशींची वाढ स्पष्ट मंदावली. मे महिन्यात तोच प्रयोग केला तर फरक पुसट झाला, आणि जुलैत नव्या विद्यार्थ्याने केला तेव्हा दिसलाच नाही. अशा वेळी पहिला संशय ट्रान्सफेक्शन रीएजंटवर (डीएनए पेशीत पोहोचवणाऱ्या रसायनावर) जातो आणि नवी बाटली मागवली जाते. दोष बहुतेकदा त्याच्या बराच आधी झालेला असतो. वहीत 'रूम टेंपरेचर', 'साधारण सत्तर टक्के', 'लो पॅसेज' (पॅसेज म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये वळवण्याची एक फेरी), 'अर्धा मायक्रोग्रॅम डीएनए' असं लिहिलेलं असतं. यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ ऋतूप्रमाणे, माणसाप्रमाणे आणि प्लाझ्मिडप्रमाणे (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्याप्रमाणे) बदलतो. खालचा क्रम या शब्दांच्या जागी आकडे बसवण्यासाठी आहे.

उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे: एचईके२९३टी पेशी (मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून आलेली सेल लाइन), २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, सीएमव्ही प्रमोटरचं (जनुक जोरात चालू करणाऱ्या डीएनए-क्रमाचं) प्लाझ्मिड आणि पीईआय (इथला ट्रान्सफेक्शन रीएजंट). सेल लाइन किंवा रीएजंट वेगळं असेल तर आकडे बदलतील, टप्प्यांचा क्रम बदलणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. जनुक घातलेल्या पेशींवर काम करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे प्रस्ताव द्या. लेंटिव्हायरस (जनुक पेशीच्या गुणसूत्रात बसवणारा विषाणू) वापरणार असाल तर तसा स्पष्ट उल्लेख करा आणि मंजुरी हातात आल्याशिवाय विषाणू बनवू नका.

## १. सेल लाइन: ओळख, स्वच्छता आणि साठा

शेजारच्या लॅबमधून आलेला फ्लास्क ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारी सुरुवात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सेल लाइनचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून किंवा तशाच मान्यताप्राप्त संग्रहातून घ्या आणि आल्या आल्या एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनएवरून ओळख) करून घ्या. संदर्भ प्रोफाइलशी किमान ८० टक्के जुळणी हवी.

एसटीआरची एक मर्यादा लक्षात ठेवा. एचईके२९३ आणि एचईके२९३टी एकाच मूळ पेशींपासून आलेल्या आहेत, त्यामुळे एसटीआर त्यांच्यातला फरक खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी एसव्ही४० लार्ज टी अँटिजेनचा (२९३टी मध्येच असलेल्या विषाणूच्या जनुकाचा) पीसीआर वेगळा करावा लागतो. हा फरक किरकोळ नाही. प्लाझ्मिडवर एसव्ही४० ओरिजिन, म्हणजे प्रती बनण्याची सुरुवात होते तो क्रम, असेल (पीसीडीएनए३.१ या प्लाझ्मिडमध्ये ते असतं) तर २९३टी पेशींत प्लाझ्मिडच्या प्रती वाढत जातात, साध्या २९३ मध्ये वाढत नाहीत. एका लॅबने 'एचईके' लिहून २९३टी वापरल्या आणि दुसरीने २९३, तर दोघांचे निकाल जुळायला नकोतच.

सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जिवंत पेशींचा फ्लास्क आणायचा असेल तर तो मीडियमने तोंडापर्यंत भरून घ्या, झाकण घट्ट लावा, पॅराफिल्म गुंडाळा आणि थर्माकोलच्या डब्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये असा फ्लास्क आणूच नका. बंद गाडीत उन्हात तापलेल्या डब्यात पेशी मरतील, आणि ज्या वाचतील त्या निवडून आलेल्या असतील. उन्हाळ्यात ड्राय आइसमधल्या व्हायल आणा आणि पोहोचताच द्रव नायट्रोजनमध्ये टाका किंवा त्याच दिवशी वितळवा.

पुढचा क्रम असा:

१. व्हायल ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये एक-दोन मिनिटं धरा. हरभऱ्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा, पूर्ण वितळण्याची वाट पाहू नका.
२. १० मिली कोमट मीडियममध्ये थेंबाथेंबाने मिसळा, २०० जी वर ५ मिनिटं फिरवा, डीएमएसओसह (गोठवताना पेशी जपणाऱ्या रसायनासह) वरचं मीडियम काढून टाका.
३. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) मोजा. जिवंत पेशी ८५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या व्हायलवर प्रयोग उभारू नका.
४. अँटिबायोटिकशिवाय वाढवा, मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये नकळत वाढणारा सूक्ष्म जिवाणू) तपासा, आणि निकाल निगेटिव्ह आला तरच मास्टर साठा गोठवा.
५. मास्टरमधल्या एका व्हायलपासून २० ते ३० व्हायलींचा कामाचा साठा बनवा. प्रत्येक व्हायलीत १० ते २० लाख पेशी, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत, दुसऱ्या दिवशी नायट्रोजनमध्ये.

प्रयोग नेहमी वितळवल्यानंतरच्या तिसऱ्या ते विसाव्या पॅसेजमध्ये करा. पहिल्या दोन पॅसेजमध्ये पेशी गोठवण्याच्या धक्क्यातून सावरत असतात. विसाव्यानंतर नवी व्हायल काढा, पेशी कितीही छान दिसत असल्या तरी. 'लो पॅसेज' हा शब्द वहीतून हद्दपार करा आणि 'व्हायल ७, वितळवल्यापासून पॅसेज ६' असं लिहा.

सावध: मायकोप्लाझ्माने मीडियम गढूळ होत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग होत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. तो असला की पेशींचा चयापचय, वाढीचा वेग, जनुकांची अभिव्यक्ती, सगळंच बदलतं. वितळवल्यावर एकदा आणि नंतर दर महिन्याला पीसीआर करा. नमुना दोन-तीन दिवस न बदललेल्या मीडियममधून घ्या, आणि पीसीआर अडला नाही ना हे पाहायला सोबत इंटर्नल कंट्रोल ठेवा. पॉझिटिव्ह आलं तर फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून फेका. औषध घालून वाचवलेल्या पेशी पूर्वीच्या पेशी राहिल्या आहेत याची खात्री देता येत नाही.

## २. खोली, इन्क्युबेटर आणि पाणी

परदेशी प्रोटोकॉलमध्ये या टप्प्यावर एक ओळही नसते. सोलापुरात मात्र निम्मे घोटाळे इथेच होतात.

साधा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीचं तापमान त्याच्या सेट तापमानाच्या किमान ३ ते ५ अंश खाली असेल तरच तो ३७ वर स्थिर राहतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. वीज गेली, एसी बंद पडला आणि खोली ३६-३७ वर गेली, की इन्क्युबेटर यूपीएसवर चालू असला तरी आतलं तापमान ३८-३९ वर सरकतं. त्या उष्णतेने पेशी एचएसपी७० सारखी उष्णता-प्रतिसादाची प्रथिनं वाढवतात. मग तुमच्या जनुकाचा परिणाम दिसतोय की दुपारच्या उन्हाचा, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून बॅकअपवर घ्यायचंच असेल तर इन्क्युबेटर आणि खोलीचा एसी दोन्ही घ्या. एकट्या इन्क्युबेटरला यूपीएस देऊन निम्मंच काम होतं.

- खोली २४ ते २६ अंशांवर ठेवा. एसी प्रयोगाच्या दिवशीच नव्हे, प्लेट आत असेपर्यंत रात्रंदिवस.
- आतल्या शेल्फवर पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवलेला तापमान-लॉगर ठेवा. दारावरचा आकडा सेन्सरजवळच्या हवेचा असतो, तुमच्या प्लेटचा नव्हे.
- कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर थर्मल कंडक्टिव्हिटी प्रकारचा असेल तर आर्द्रता बदलली की तो चुकीचं वाचतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वारंवार दार उघडलं की हेच होतं. महिन्यातून एकदा बाहेरच्या मीटरने तपासा. इन्फ्रारेड सेन्सरला हा त्रास कमी.
- आतल्या पाण्याच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी भरा. उन्हाळ्यात दर दुसऱ्या दिवशी पातळी बघा. ट्रे सुकला की प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, क्षार घट्ट होतात, आणि कडेच्या वेल वेगळाच निकाल देतात.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात टाकीतलं साठवलेलं किंवा बोअरचं जड पाणी डिस्टिलेशन युनिटला जातं आणि त्याची गुणवत्ता पुरवठ्याप्रमाणे हलते. मीडियम आणि पीईआयसाठी १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर रोधाचं पाणी वापरा. ते लॅबमध्ये मिळत नसेल तर सेल कल्चरसाठीचं बाटलीबंद पाणी विकत घ्या.

पावडरपासून मीडियम बनवत असाल तर आणखी दोन तपासण्या. डीएमईएमला लिटरमागे ३.७ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं, आरपीएमआयला २ ग्रॅम, आणि या दोन डब्यांची अदलाबदल होणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही. फिल्टर करताना पीएच चढतो, म्हणून तो हव्या त्या पीएचपेक्षा ०.२ ते ०.३ खाली ठेवून मगच फिल्टर करा. बाटलीवर बनवल्याची तारीख आणि ग्लुटामीन घातल्याची तारीख वेगवेगळी लिहा.

सीरमचा लॉट हा स्वतंत्र प्रयोगघटक आहे. प्रकल्प पुरेल एवढ्या बाटल्या एकाच लॉटच्या घ्या. लॉट बदलावाच लागला तर जुन्या-नव्या लॉटमध्ये तोच प्रयोग समांतर एकदा करून बघा आणि मगच जुनी बाटली संपवा.

## ३. प्लाझ्मिड: रचना, शुद्धता आणि समान मोल

आधी कागदावर तपासा: कोणता आयसोफॉर्म (जनुकाचं कोणतं रूप) घेतला आणि त्याचा संदर्भ क्रमांक आवृत्तीसह काय, सुरुवातीच्या एटीजीच्या आधी कोझॅक क्रम (प्रथिन बनण्याची सुरुवात नीट करून देणारा) जीसीसीएसीसी आहे का, टॅग (प्रथिन ओळखण्यासाठी जोडलेला छोटा तुकडा) कुठल्या टोकाला आहे. स्रवणाऱ्या प्रथिनाच्या एन-टोकाला टॅग लावला तर सिग्नल पेप्टाइड झाकला जातो. सी-टोकाला लावताना स्टॉप कोडॉन काढायचा राहिला तर टॅग बनतच नाही, आणि आठवडाभर अँटिबॉडीला दोष दिला जातो. इन्सर्ट (प्लाझ्मिडमध्ये घातलेलं जनुक) पूर्ण लांबीचं सिक्वेन्स करा. दोन्ही टोकांची रीडिंग मधे भेटत नसतील तर आतला प्रायमर मागवा.

मग प्रेप, म्हणजे जिवाणूंतून काढलेलं शुद्ध प्लाझ्मिड. २६०/२८० गुणोत्तर १.८ ते १.९, २६०/२३० गुणोत्तर २ च्या वर, जेलवर बहुतेक डीएनए सुपरकॉइल्ड. एंडोटॉक्सिन (जिवाणूंतून येणारं विष) काढणारा किट वापरा. एचईके पेशींना एंडोटॉक्सिनचं फारसं नसतं, पण मॅक्रोफेज प्रकारच्या पेशी त्याला जोरदार प्रतिसाद देतात. नॅनोड्रॉप आरएनए आणि सुट्या न्यूक्लिओटाइडनाही डीएनएमध्येच मोजतो, म्हणून सांद्रता क्यूबिटसारख्या फ्लुरोमीटरने ठरवा. जनुकाचं आणि रिकामं (जनुक नसलेलं, म्हणजे एम्प्टी व्हेक्टर), दोन्ही प्लाझ्मिड एकाच दिवशी, एकाच किटने काढा.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. 'कंट्रोलला ५०० नॅनोग्रॅम एम्प्टी व्हेक्टर, प्रयोगाला ५०० नॅनोग्रॅम जनुकाचं प्लाझ्मिड' हे समान दिसतं पण समान नाही. व्हेक्टर ५.४ हजार बेस-जोड्यांचा आणि जनुक २.१ हजारांचं असेल तर जनुकाचं प्लाझ्मिड ७.५ हजारांचं होतं. म्हणजे ५०० नॅनोग्रॅम रिकाम्या व्हेक्टरमध्ये रेणू आणि सीएमव्ही प्रमोटर जवळपास १.४ पट जास्त भरतात. सीएमव्ही पेशीची लिप्यंतरणाची यंत्रणा खेचून घेतो, त्यामुळे प्रमोटरची संख्याही सारखी हवी. पीईआयचं गुणोत्तर डीएनएच्या वजनावर ठरतं, म्हणून एकूण वजनही सारखं हवं. दोन्ही साधायला तिसरं प्लाझ्मिड लागतं, ज्यात सस्तन पेशींत चालणारा प्रमोटर नाही. पीयूसी१९ चालतं.

एका वेलसाठी, आकडे नॅनोग्रॅममध्ये:

| जनुकाचं प्लाझ्मिड (७.५ हजार) | एम्प्टी व्हेक्टर (५.४ हजार) | पीयूसी१९ | एकूण |
|---|---|---|---|
| ५०० | ० | ० | ५०० |
| २५० | १८० | ७० | ५०० |
| १०० | २८८ | ११२ | ५०० |
| ५० | ३२४ | १२६ | ५०० |
| ० | ३६० | १४० | ५०० |

सूत्र सोपं आहे: कमी केलेल्या जनुक-प्लाझ्मिडच्या वजनाला ५.४ ने गुणा, ७.५ ने भागा, तेवढा एम्प्टी व्हेक्टर घाला, उरलेलं पीयूसी१९. तुमच्या प्लाझ्मिडच्या लांबी घालून हाच तक्ता एकदा करा आणि हूडच्या काचेवर चिकटवा.

ही डोस-मालिका ऐच्छिक समजू नका. सीएमव्हीखाली प्रथिन नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट बनतं. ते चुकीच्या जागी साचतं, पेशीच्या ईआरवर (प्रथिनं घडतात त्या भागावर) ताण येतो, आणि पेशी मरतात त्या जनुकाच्या कामामुळे की नुसत्या ढिगामुळे, हे एका डोसवरून कळत नाही. परिणाम फक्त ५०० ला दिसला आणि १०० ला शून्य, तर तो जपून मांडा. एम्प्टी व्हेक्टर प्रथिन बनवतच नाही, म्हणून शक्य तिथे दुसरा कंट्रोलही ठेवा: त्याच व्हेक्टरमध्ये त्याच जनुकाचं निष्क्रिय केलेलं रूप. ते मिळणार नसेल तर निदान जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन).

तपासणी: या टप्प्याअखेर वहीत प्रत्येक प्लाझ्मिडची लांबी, प्रेप क्रमांक, फ्लुरोमीटरची सांद्रता आणि दोन्ही गुणोत्तरं असायला हवीत. एकही रकाना रिकामा असेल तर पेशी पेरू नका.

## ४. पेशी पेरणं

'सत्तर टक्के कॉन्फ्लुअन्स' (तळाचा किती भाग पेशींनी झाकला) हा डोळ्याचा अंदाज आहे आणि दोन माणसांचे डोळे सहज पंधरा-वीस टक्क्यांनी वेगळे पडतात. मोजून पेरा.

१. आदल्या दिवशी फ्लास्क ७०-८० टक्के भरलेला असावा. पूर्ण भरून एक दिवस उलटलेला फ्लास्क प्रयोगाला घेऊ नका. त्या पेशींचं विभाजन मंदावलेलं असतं आणि प्लाझ्मिड केंद्रकात पोहोचायला विभाजनाची मदत होते.
२. ट्रिप्सिननंतर पेशी एकेक सुट्या झाल्या का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हिमोसायटोमीटरवर किमान २०० पेशी मोजा, दोन्ही बाजूंनी.
३. प्रत्येक वेलमध्ये ०.५ मिली अँटिबायोटिकविरहित मीडियममध्ये १ लाख पेशी. पेरताना ट्यूब मधूनमधून हलवा, नाहीतर शेवटच्या वेलमध्ये पेशी कमी पडतात.
४. प्लेट मागे-पुढे, मग डावी-उजवीकडे सरकवा. गोल फिरवली की पेशी कडेला किंवा मध्यावर गोळा होतात.
५. १५ मिनिटं हूडमध्ये स्थिर राहू द्या, मग इन्क्युबेटरमध्ये. प्लेटवर प्लेट रचू नका.

कंट्रोल डाव्या रकान्यात आणि प्रयोग उजव्या रकान्यात अशी मांडणी सोपी पडते आणि म्हणूनच घातक असते, कारण कडेचा परिणाम थेट एकाच गटात जातो. गट प्लेटभर विखरा आणि प्रत्येक वेळी मांडणी बदला.

एचईके२९३टी तळाला सैल धरतात. मीडियम नेहमी कडेने सोडा, थंड मीडियम घालू नका. तरी सुटत असतील तर प्लेटला पॉली-डी-लायसीनचा लेप द्या, मात्र मग सगळ्याच प्लेटना.

## ५. ट्रान्सफेक्शन

पीईआयचं द्रावण: लिनिअर, २५ हजार डाल्टनचं, १ मिलिग्रॅम प्रति मिली. पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच खाली आणून विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइडने ७.० वर आणा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, छोट्या ट्यूबमध्ये उणे २० वर ठेवा. एकदा वितळलेली ट्यूब ४ अंशांवर ठेवून वापरा, पुन्हा गोठवू नका. प्रत्येक नव्या घाण्याला डीएनए-पीईआय वजनाचं गुणोत्तर १:२, १:३, १:४ असं जीएफपी प्लाझ्मिडवर तपासा. खालचे आकडे १:३ चे आहेत.

पेरल्यानंतर २० ते २४ तासांनी, ठरवलेल्या एकाच वेळेला:

१. प्रत्येक गटाचा डीएनए स्वतंत्र ट्यूबमध्ये, सीरमविरहित मीडियममध्ये. एका वेलसाठी ५०० नॅनोग्रॅम २५ मायक्रोलिटरमध्ये. तीन वेल असतील तर ३.३ वेलचा हिशोब धरा: १६५० नॅनोग्रॅम, ८२.५ मायक्रोलिटर.
२. पीईआय सगळ्या प्लेटसाठी एकाच ट्यूबमध्ये. २४ वेलसाठी २६ चा हिशोब: ३९ मायक्रोलिटर पीईआय आणि ६११ मायक्रोलिटर सीरमविरहित मीडियम. दीड-दीड मायक्रोलिटर वेगवेगळं उचललं की पिपेटची चूकच निकाल ठरवते.
३. पीईआय डीएनएमध्ये घाला (उलट नको, आणि कधी असं कधी तसं तर मुळीच नको). समान आकारमान, तीन सेकंद व्हॉर्टेक्स.
४. २२ ते २५ अंशांवर १५ मिनिटं. टायमर लावा.
५. प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर, थेंबाथेंबाने.
६. मीडियम ५ तासांनी बदलायचं की नाही हे प्रकल्पाच्या सुरुवातीला ठरवा आणि शेवटपर्यंत तेच करा.

चौथ्या पायरीवर थोडं थांबू. डीएनए आणि पीईआयचे कण वेळेबरोबर आणि उष्णतेबरोबर मोठे होत जातात. लहान कण आत कमी जातात, फार मोठे कण पेशींना मारतात. २३ अंशांवरची १५ मिनिटं आणि ३४ अंशांवरची १५ मिनिटं यांतून वेगळे कण मिळतात. एसी नसलेल्या बाकावर, मे महिन्यातल्या दुपारी, 'रूम टेंपरेचर' म्हणजे ३४ च. एसीची खात्री नसेल तर उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरका किंवा २३ अंशांवर लावलेला ड्राय ब्लॉक वापरा. साधा ड्राय ब्लॉक फक्त तापवतो, इथे थंड करणारा लागतो. गट बरेच असतील तर ट्यूबमध्ये मिसळण्याची वेळ एकेक मिनिटाने मागे-पुढे ठेवा, म्हणजे पहिल्या ट्यूबला १५ आणि शेवटच्या ट्यूबला २५ मिनिटं असं होणार नाही.

सावध: कॉम्प्लेक्स (डीएनए-पीईआयचे कण) बनवताना मीडियममध्ये सीरम असेल तर त्यातली प्रथिनं पीईआयला चिकटतात आणि ट्रान्सफेक्शन कोसळतं. बाटली उघडताना लेबल मोठ्याने वाचा.

प्रत्येक प्लेटवर तीन वेल जास्तीच्या ठेवा: एक काहीच न केलेली, एक फक्त पीईआय, एक त्याच व्हेक्टरमधल्या जीएफपीची. २४ तासांनी जीएफपी वेलमध्ये किती टक्के पेशी हिरव्या, हे पाच ठिकाणी मोजा. २९३टी मध्ये ७० टक्क्यांच्या खाली आलं तर प्लेट बाद, असा नियम आधीच लिहून ठेवा. वेस्टर्न (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) पाहिल्यावर प्लेट बाद करणं म्हणजे आवडता निकाल निवडणं.

## ६. जनुक खरंच किती वाढलं

आरएनए साधारण २४ तासांनी, प्रथिन ४८ तासांनी. दोन्ही एकाच दिवशी पेरलेल्या वेगवेगळ्या वेलमधून घ्या.

क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरमध्ये) इथे एक खास खड्डा आहे. पेशींत प्लाझ्मिड भरपूर असतं आणि ते आरएनएबरोबर निघून येतं. नेहमीच्या जीनोमिक डीएनएवरचा उपाय म्हणजे एक्झॉन-जोडावर बसणारा प्रायमर, पण प्लाझ्मिडमध्ये इंट्रॉन नसलेलं सीडीएनएच आहे, त्यामुळे तो प्रायमर प्लाझ्मिडलाही तितक्याच प्रेमाने वाढवतो. म्हणून डीएनेझ द्या, आणि प्रत्येक नमुन्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना एक जोड-नमुना चालवा. दोघांच्या सीटीमध्ये (सिग्नल दिसेपर्यंतच्या चक्रांच्या संख्येत) किमान ७ चा फरक हवा. ७ म्हणजे प्लाझ्मिडचा वाटा एक टक्क्याच्या खाली. फरक ३ आला तर तुमच्या 'वाढलेल्या आरएनए'चा आठवा भाग प्लाझ्मिडच आहे.

पेशीचं मूळ जनुक आणि घातलेलं जनुक वेगळं मोजायचं असेल तर मूळचा प्रायमर ३-प्राइम यूटीआरमध्ये, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या शेवटच्या भागात, घ्या (घातलेल्या सीडीएनएमध्ये तो भाग नसेल तरच), आणि घातलेल्याचा टॅगवर. रेफरन्स जनुकं किमान दोन, तीही तुमच्या ओव्हरएक्स्प्रेशनने हलत नाहीत हे पाहून.

वेस्टर्नवर जास्तीचं प्रथिन असलेला पट्टा चटकन सॅच्युरेट होतो, आणि मग ५० पट आणि २०० पट सारखेच काळे दिसतात. उपाय: ट्रान्सफेक्ट केलेलं लायसेट (पेशी फोडून मिळालेलं द्रावण), न केलेल्या लायसेटमध्ये मिसळून १००, ५०, २५ आणि १२.५ टक्के अशी मालिका प्रत्येक जेलवर चालवा. एकूण प्रथिन दर लेनला २० मायक्रोग्रॅम सारखंच राहतं, तुमचं प्रथिन तेवढं कमी होतं. पट्ट्याची तीव्रता या मालिकेत सरळ रेषेत पडत असेल तरच आकडा वापरा. लोडिंगसाठी ॲक्टिनपेक्षा मेम्ब्रेनवरचं एकूण प्रथिनाचं रंगकाम बरं, २० मायक्रोग्रॅमला ॲक्टिन बहुतेकदा स्वतःच सॅच्युरेट झालेला असतो.

शिवाय 'किती पट' हा सरासरीचा आकडा असतो. ३० टक्के पेशींत ३०० पट आणि ९० टक्के पेशींत १०० पट, दोन्हीची बेरीज जवळपास सारखीच येते. पण पेशींचं वागणं अजिबात सारखं नसतं. फ्लो सायटोमेट्री किंवा टॅगवर इम्युनोफ्लुरोसेन्स करून वाटणी बघा आणि पटीच्या आकड्याशेजारी पॉझिटिव्ह पेशींची टक्केवारी लिहा.

आपल्याकडे कल्चर एका कॉलेजात, रिअल-टाइम मशीन दुसरीकडे आणि जेल इमेजर केगावच्या विद्यापीठात, अशी कसरत नवी नाही. नमुने न्यायचे असतील तर पेशी जिवंत नेऊ नका. आरएनएसाठी वेलमध्येच ट्रायझॉल घाला, प्रथिनासाठी तिथेच लायसिस करून सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा, मग बर्फात न्या.

## ७. किती वेळा, आणि 'वेळ' म्हणजे काय

एका प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्या वेलमध्ये एकच पॅसेज, एकच कॉम्प्लेक्स, एकच दुपार असते. स्वतंत्र प्रयोग म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी नव्याने मोजून पेरलेल्या आणि कॉम्प्लेक्स नव्याने केलेलं. किमान तीन असे प्रयोग करा. त्यांपैकी एक वेगळ्या व्हायलवर आणि एक वेगळ्या प्लाझ्मिड प्रेपवर केलात तर प्रेपमधला दोष तिथेच उघडा पडतो. एक प्रयोग दुसऱ्या माणसाने, फक्त वही वाचून, न विचारता करावा. तो जिथे अडेल तिथे वही अपुरी आहे.

तीन वेलची सरासरी म्हणजे एक बिंदू. आलेखावर तीन प्रयोग असतील तर तीनच बिंदू दिसायला हवेत, नऊ नाहीत. प्रत्येक वेळी कंट्रोल १ धरून भागाकार केला की कंट्रोलमधली चढउतार आलेखातून गायब होते आणि त्रुटी-रेषा खोटी लहान दिसते. पटीचे आकडे लॉगमध्ये घ्या आणि त्या त्या दिवसाचा कंट्रोल-प्रयोग फरक जोडीने तपासा. पेशी मोजणाऱ्याला कुठली वेल कशाची हे माहीत नसावं. प्लेटवर फक्त क्रमांक, किल्ली दुसऱ्याकडे.

## ८. कायमस्वरूपी लाइन बनवणार असाल तर

एचईके२९३टी मध्ये निओमायसिन-प्रतिरोधाचं जनुक आधीच आहे. जी४१८ ने (निओमायसिनच्या जातीच्या औषधाने) निवड करायला जाल तर काहीच मरणार नाही आणि सगळेच क्लोन (एकेका पेशीपासून वाढलेले गट) 'यशस्वी' दिसतील. तिथे प्युरोमायसिन किंवा हायग्रोमायसिन वापरा. मारक मात्रा तुमच्याच पेशींवर काढा: प्युरोमायसिन ०.२५ पासून ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत, ट्रान्सफेक्ट न केलेल्या सगळ्या पेशी तीन दिवसांत मारणारी सर्वांत कमी मात्रा घ्या. औषधाचा लॉट बदलला की पुन्हा.

जनुक गुणसूत्रात कुठे बसेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून एकाच क्लोनवरचा निकाल हा त्या क्लोनचा निकाल. किमान तीन स्वतंत्र क्लोन घ्या, आणि एम्प्टी व्हेक्टरचेही तेवढेच, किंवा मिश्र पूल वापरा. लेंटिव्हायरसने करताना एमओआय (दर पेशीमागे विषाणूंचं प्रमाण) ०.३ च्या आसपास ठेवा. त्या पातळीला साधारण चौथा हिस्सा पेशींत विषाणू शिरतो, आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांत एकच प्रत असते.

सीएमव्ही प्रमोटर काही आठवड्यांत मंदावू शकतो. लाइन बनल्या बनल्या गोठवा आणि दर पाच पॅसेजना वेस्टर्न करा. डॉक्सिसायक्लिनवर चालणारी रचना असेल तर टेट्रासायक्लिनमुक्त सीरम घ्या, डॉक्सी दर ४८ तासांनी नव्याने घाला, आणि जनुक नसलेल्या पेशींनाही तितकीच डॉक्सी द्या. डॉक्सी मायटोकॉन्ड्रियामधलं प्रथिनसंश्लेषण स्वतःच दाबते.

## ९. तरीही निकाल फिरला तर

एकदम सगळं बदलू नका. नवं प्लाझ्मिड, नव्या पेशी आणि नवा रीएजंट एकाच दिवशी आणले तर निकाल परत येईलही, पण कशामुळे ते कळणार नाही. या क्रमाने जा:

१. इन्क्युबेटरच्या लॉगरचा त्या आठवड्याचा आलेख काढा. ३८ च्या वर टेकडी दिसली तर इथेच थांबा आणि प्रयोग पुन्हा करा.
२. त्याच फ्लास्कचा मायकोप्लाझ्मा पीसीआर.
३. जीएफपी वेलची टक्केवारी मागच्या प्रयोगांशी ताडून बघा. ती पडली असेल तर दोष पीईआय, पेशींची घनता किंवा कॉम्प्लेक्सच्या तापमानात. ती ठीक असून तुमचं प्रथिनच कमी असेल तर दोष प्लाझ्मिडमध्ये.
४. प्रथिनही तितकंच आहे पण परिणाम नाही, अशा वेळी एकाच प्लेटवर चार गट लावा: जुनी व्हायल-जुना प्रेप, जुनी व्हायल-नवा प्रेप, नवी व्हायल-जुना प्रेप, नवी व्हायल-नवा प्रेप. प्रत्येक गटाला त्याचा स्वतःचा एम्प्टी व्हेक्टर. परिणाम प्रेपबरोबर हलला तर उरलेला प्रेप पुन्हा सिक्वेन्सिंगला द्या. व्हायलबरोबर हलला तर दोन्ही व्हायलींचा एसटीआर करा. कशाबरोबरच हलला नाही आणि चारही गट सपाट आले, तर सीरमचा लॉट आणि मीडियमची तारीख बघा, आणि तेही जुळत असेल तर पहिल्या प्रयोगाच्या कच्च्या नोंदी काढून तिथे एम्प्टी व्हेक्टर किती नॅनोग्रॅम घातला होता ते वाचा.